सर्कशीच्या जुन्या वस्तू घेणाऱ्यांनो, हा ४४,२०० रुपयांचा चाबूक बघून ठेवा

आधी आकडा. १८,००० ॲडव्हान्स, २१,५०० उरलेले, वर ४,७०० कसल्यातरी एनओसीचे. एकूण ४४,२०० रुपये, सगळे यूपीआयने, आणि हातात आला एक प्रिंटरवर काढलेला फोटो. घरी खरा आकडा अजून सांगितलेला नाही, ज्यांना मी कोण ते कळेल त्यांनी कृपया तोंड बंद ठेवा.

माल काय होता ते ऐका म्हणजे मी का पाघळलो ते कळेल. दामू धोत्रेंचा अमेरिकेतला सही केलेला फोटो, त्यांचाच म्हणून एक चाबूक, आणि विष्णुपंत छत्र्यांच्या ग्रेट इंडियन सर्कशीचं तिकीट. दामू धोत्रे म्हणजे पुण्याचा माणूस, १९४० च्या दशकात अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत वाघ-सिंहांचे खेळ करत होता, आणि छत्र्यांची सर्कस तर १८८० ची. ज्याला ह्याचं वेड आहे त्याला विचारा, हे तिन्ही एकत्र दिसल्यावर झोप लागते का.

आणि समोरचा काही येरागबाळा नव्हता हो. आजोबा देवलांच्या सर्कशीत बँड वाजवायचे म्हणाला. देवल म्हैसाळचे, छत्रे अंकलखोपचे, गवई रहिमत खाँसाहेब छत्र्यांच्या सर्कशीबरोबर गावोगाव फिरायचे, हे सगळं धडाधड बोलत होता. ह्यातलं बरंचसं नेटवर मिळतं हे मला आत्ता सांगू नका. त्याआधी ८०० रुपयांना एक सर्कशीचं हँडबिल पाठवलं होतं, ते अस्सल निघालं. आधी छोटं खरं, मग मोठं खोटं, ही पद्धत तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होती. पण ते हँडबिल खरंच सुंदर होतं.

आता ती जागा, जी आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. दुसरा हप्ता द्यायच्या आधी त्याने तिकिटाचा फोटो पाठवला. मी झूम करून हत्तीचं चित्र बघितलं, झूल बघितली, गोंड्याचा एकेक धागा बघितला. खाली कोपऱ्यात छापलं होतं, दर ५० पैसे. पन्नास पैसे! अहो दशमान नाणी आली १९५७ ला, विष्णुपंत गेले १९०५ ला. आठ आणे असायला हवं होतं. आणि असं नाही की मला दिसलं नाही, दिसलं, विचारलं पण. तर म्हणतो कसा, "दादा, तेव्हा पैसेच चालायचे, आणे नंतर आले." आणि मी गप्प बसलो, कारण जुना पैसाही होताच ना, ६४ पैशांचा रुपया, मग मी मनातल्या मनात त्याचीच वकिली केली की असेल बुवा तसा काही दर. पन्नास हा आकडा त्या हिशोबात कुणी तिकिटावर छापेल का, हे पैसे गेल्यावर सुचलं.

एनओसीचं तर विचारूच नका. म्हणे शंभर वर्षांपूर्वीचा माल आहे, पुरातत्त्वची परवानगी लागते, नाहीतर कुरिअर जप्त होईल. १९७२ चा पुरावस्तू कायदा खरा आहे, म्हणून तर माणूस घाबरतो. पण चाळीसच्या दशकातला फोटो शंभर वर्षांचा कसा होईल? विकणाऱ्याने सरकारी फी स्वतःच्या यूपीआयवर मागितली की तिथेच फोन ठेवा. मग वर ६,९०० इन्शुरन्सचे मागितले, "रिफंडेबल" म्हणे, तेव्हा मी थांबलो.

पार्सल आलं त्यात फक्त फोटो. चहाच्या पाण्यात बुडवलेला, कडा आणि मधला भाग एकाच रंगाचा पिवळा. जुना कागद असा पिवळा पडत नाही, कडेने आधी पडतो. भिंगाखाली प्रिंटरचे रंगीत ठिपके, आणि यूव्ही टॉर्च मारल्यावर कागद निळा चमकला. १९५० च्या आधीच्या कागदात ते चमकणारं केमिकल नसायचं. टॉर्च घ्या, पण पैसे द्यायच्या आधी वापरा, व्हिडिओ कॉलवर समोरच्याला मारायला लावा, नाही म्हणाला तर समजा.

आता खरा संताप. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, पुढे शांतता. बँक म्हणाली पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवलेत, आम्ही काय करणार. पोलिस चौकीत साहेबांनी विचारलं, "सर्कशीचं तिकीट? सर्कस लागली की बघा की शंभर रुपयात." शेजारचा हसला. मग म्हणे पार्सल तर मिळालंय ना, मग वस्तू पसंत पडली नाही असा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. तेव्हा कळलं तो भिकार फोटो का पाठवला होता! रिकामा हात दाखवता येऊ नये म्हणून. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे, साहेब अजून "चारशेवीस होत नाही" म्हणत होते, आणि मी ३१८ म्हटल्यावर "वकील आहात का" विचारलं. नाही, वकील नाही, ४४,२०० रुपये गेलेला माणूस आहे. अर्ज घेतला, पोच द्यायला शिक्का सापडेना. अर्धा तास शिक्का शोधत होते, तेवढ्या वेळात त्या खात्यातले पैसे तीन खात्यांत फिरले असतील. तुमच्यावर वेळ आली तर लगेच १९३० लावा, पहिल्या तासात, चौकीत नंतर जा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. बँकेला लेखी द्या, ३० दिवस उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, मी तिकडेच निघालोय.

वाईट ह्याचं वाटतं की १९९८ नंतर सर्कशीतले वाघ-सिंह बंद झाले, त्या काळातल्या कलाकारांच्या घरी खरोखर जुन्या वस्तूंच्या ट्रंका आहेत, आणि आता त्यांच्यातला कुणी खरा नातू फोन करेल तर मी त्याला आधी चोर समजणार.

चाबूक अजून विकायला फिरतोय, दुसऱ्या नावाने, आता २५,००० ला. मुठीवर लाल दोरा गुंडाळलाय, पितळी कडी वाकडी आहे, मागे हिरवी फरशी आणि स्टीलच्या टेबलाचा पाय दिसतो. तो पाय दिसला की स्क्रीनशॉट काढा आणि तिथल्या तिथे खाते क्रमांकासकट तक्रार टाका, तिकीट कितीही देखणं असलं तरी.