डाउनदेमऑल की डब्ल्यूगेट? शंभर पीडीएफ एका रात्रीत उतरवायच्या असतील तर

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात अभ्यासिका आहे. तिथल्या एकाच कॉम्प्युटरवर जुन्या प्रश्नपत्रिका, उत्तरतालिका आणि बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ भरून ठेवायचं काम माझ्याकडे आहे. नेट माझ्या मोबाइलचं. दिवसभर ते रांगतं, रात्री अकरानंतर जरा धावतं, आणि लाइन गेली की थोड्या वेळात टॉवरही गप्प होतो. दोन्ही साधनं मी याच परिस्थितीत वापरली आहेत. तुमच्याकडे फायबर असेल तर तुमचं मत वेगळं होऊ शकेल.

डब्ल्यूगेट म्हणजे काळ्या खिडकीत (कमांड लाइनवर) आज्ञा टाइप करून फाइली उतरवायचं साधन. त्याचा मोठा गुण आधी सांगतो. लिंकांची यादी टेक्स्ट फाइलमध्ये द्यायची, ‘-सी’ (-c, म्हणजे तुटलेलं पुढे चालू ठेव) लावायचं आणि झोपायचं. मध्यरात्री लाइन गेली तर सकाळी तीच आज्ञा पुन्हा द्यायची. सर्व्हरची तयारी असेल तर अर्धी फाइल जिथे तुटली तिथूनच पुढे सुरू होते. एका वेळी एकच फाइल घेत असल्यामुळे अशक्त नेटवर ओढाताणही होत नाही. दोनशे-तीनशे एमबीचे व्हिडिओ आणायचे असतील तर मी आजही त्याच्याकडेच जातो.

डाउनदेमऑल हे ब्राउझरचं एक्स्टेंशन. पान उघडायचं, गाळणीत पीडीएफ निवडायचं, पानावरच्या सगळ्या लिंका रांगेत. पत्त्यात क्रमांक असतील तर [01:12] असं लिहिलं की बारा पत्ते आपोआप तयार. विंडोजच्या काळ्या खिडकीत हे इतकं सरळ होत नाही. लॉगिन लागणाऱ्या साइटवरही ते ब्राउझरच्याच ओळखीने आत जातं, डब्ल्यूगेटला कुकीची (ब्राउझरने जपलेल्या लॉगिनच्या खुणेची) फाइल वेगळी द्यावी लागते. एकाच फाइलचे तुकडे करून वेगाने उतरवायची जुनी सोय मात्र आता नाही. 2017 च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स ब्राउझरची 57 वी आवृत्ती आल्यावर जुन्या पद्धतीची एक्स्टेंशनं बंद पडली. 2019 मध्ये हे नव्याने लिहून आलं, तेव्हा ब्राउझर जेवढं करू देतो तेवढंच त्याच्या हातात उरलं.

माझ्यासाठी निर्णय झाला तो फाइलींच्या नावांवरून.

मागच्या वर्षी ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत मी डब्ल्यूगेटने एका रात्रीत दीडशेच्या आसपास प्रश्नपत्रिका उतरवल्या. सकाळी फोल्डर उघडलं तर सगळी नावं लांबलचक आकड्यांची. तलाठी भरतीची तयारी करणारी एक मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, “भाऊ, याच्यात इतिहासाचा पेपर कोणता व्हय?” मला सांगता आलं नाही. एकेक फाइल उघडून नाव द्यायला दोन संध्याकाळी गेल्या, आणि तेवढा वेळ मुलांना कॉम्प्युटर मिळाला नाही. परीक्षेला तीन आठवडे उरले होते, म्हणून ते जास्त लागलं.

त्याहून वाईट प्रकार नंतर कळला. वेगवेगळ्या फोल्डरांतल्या काही फाइलींची नावं हुबेहूब सारखी होती. ‘-सी’ लावलेलं असलं की डब्ल्यूगेटला दुसरी फाइल ही पहिलीच अर्धवट राहिलेली वाटते. मग तो ती झालेली समजून सोडून देतो, नाहीतर पहिलीच्या शेपटाला दुसरीचा उरलेला भाग जोडतो. तशी फाइल बहुधा बिघडलेलीच निघते. ‘-एक्स’ (-x) दिलं तर साइटसारखी फोल्डरं तयार होऊन हा घोळ टळतो, पण आकडी नावं तशीच राहतात.

डाउनदेमऑलमध्ये नावाच्या रकान्यात ‘टेक्स्ट’ हा टॅग ताऱ्यांच्या चिन्हांत (*text*) घातला की लिंकवर जे लिहिलंय तेच फाइलचं नाव होतं. पानावर ‘इतिहास पेपर 2’ असेल तर फाइलही त्याच नावाची, देवनागरीत. पुढे अनुक्रमांकाचा टॅग लावला की यादीचा क्रमही टिकतो. पानावर प्रत्येक लिंकला नुसतं ‘डाउनलोड’ लिहिलेलं असेल तर मात्र याचा फायदा नाही. तेव्हा मी पानाचं शीर्षक आणि क्रमांक वापरतो.

त्याच्याही अडचणी आहेत. फाइली ब्राउझरच्या डाउनलोड फोल्डरच्या आतच जातात, पेन ड्राइव्हवर थेट टाकायच्या तर ब्राउझरचं फोल्डरच बदलावं लागतं. क्रोममध्ये ‘कुठे सेव्ह करू’ ही सेटिंग चालू राहिली तर तो प्रत्येक फाइलला विचारत बसतो, ती आधी बंद करा. लाइन अचानक गेली तर चालू असलेली फाइल माझ्याकडे बहुतेक वेळा पहिल्यापासून उतरते, पण दोन-चार एमबीच्या पीडीएफला ते परवडतं. एका वेळी चारऐवजी दोनच फाइली ठेवल्या की माझं नेट दम धरतं. आणि जिथे खरी लिंक नसून नुसतं स्क्रिप्टवर चालणारं बटण असतं, तिथे दोघांचाही उपयोग नाही. हातानेच उतरवावं लागतं.

तुम्हाला मोजक्याच पण मोठ्या फाइली हव्या असतील आणि काळ्या खिडकीची भीती नसेल, तर डब्ल्यूगेट वाईट नाही. फाइली दुसऱ्या कुणीतरी शोधून वाचायच्या असतील, तर मी डाउनदेमऑल घ्या म्हणेन. आमच्या अभ्यासिकेत आता पोट्टे मला न विचारता पेपर काढतात.