मे महिन्याची सुट्टी: अंध मुलांचं शिबिर, गल्लीतला वर्ग की आजोळ?

परीक्षा आटोपत आल्या की आमच्या पालकांच्या गटात दरवर्षी तोच प्रश्न येतो: सुट्टीत पोराला कशाला घालायचं? माझी लेक जन्मांध आहे, आता 11 वर्षांची, साध्या मराठी शाळेत पाचवीत. अंध मुलांचं निवासी शिबिर, घराजवळचा चारचौघांसारखा वर्ग आणि आजोळ, तिन्ही आम्ही करून पाहिलं आहे.

घाईत असाल तर माझं मत इथेच घ्या. मूल वर्षभर जिथे असतं, त्याच्या उलट ठिकाणी त्याला सुट्टीत पाठवावं. अंधशाळेच्या वसतिगृहात दहा महिने काढलेल्या मुलाला मेमध्ये पुन्हा तसल्याच खोलीत, तसल्याच घंटेवर उठवण्यात काय हशील? त्याला गल्ली हवी, भांडायला चुलत भावंडं हवीत. पण आपलं मूल वर्गात एकटंच अंध असेल तर निवासी शिबिर, डोळे झाकून. (आमच्या घरात हा शब्दप्रयोग चालतो, लेकच जास्त वापरते.)

शिबिरात बरंच काही असतं: पांढरी काठी घेऊन जिना उतरणं, नोटा चाचपून ओळखणं, मोबाइलवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय. जरा मोठ्या मुलांना संगणकावर एनव्हीडीए शिकवतात. तो स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो, त्यामुळे शिकलेलं घरी चालू राहतं. पण आम्हाला खरा फायदा झाला तो स्वयंपाकघरात. मी लेकीच्या हातात सुरी कधी दिलीच नव्हती. तिथे तिला पहिल्याच सकाळी काकडी कापायला बसवलं. डाव्या हाताच्या बोटांची टोकं आत वळवायची, सुरीचं पातं पेरांना टेकलेलं ठेवायचं, एक चकती पडली की बोटं तांदळाच्या दाण्याएवढी मागे घ्यायची. घरी आल्यावर तिने मला तसं करून दाखवलं आणि मी श्वास रोखून उभी होते.

रात्रीच्या गप्पा तर वेळापत्रकात नसतातच. "तुझी आईपण ताट घड्याळासारखं सांगते?" "हो ना, भाजी बाराला, भात सहाला." ताटात कुठे काय वाढलंय ते घड्याळाच्या आकड्यांवरून सांगायचं, हे आपल्यासारखंच दुसऱ्याच्या घरी चालतं असं तिला तिथे कळलं. शिकवणाऱ्यांतले एक दादा स्वतः अंध. पहिल्या फोनवर तिचं पहिलं वाक्य, "आई, ते एकटे लोकलने येतात." तोवर नोकरी करणारा अंध माणूस तिला भेटलाच नव्हता.

आता खोट सांगते. काही शिबिरं शिबिरं नसतातच, सत्काराचे कार्यक्रम असतात. रोज कोणीतरी पाहुणे येतात, मुलांना रांगेत बसवून गाणी म्हणायला लावतात, खाऊ वाटतात, फोटो निघतात. म्हणून फोनवर एकच विचारा: मागच्या वर्षी तिसऱ्या दिवशी मुलांनी काय केलं? नीट उत्तर आलं नाही तर पुढे जाऊ नका. दुसरं, पूर्ण अंध आणि अल्पदृष्टी मुलं एकत्र असतील तर थोडं दिसणारी मुलं चटकन पुढे होऊन काम उरकतात आणि आपलं मूल बसून राहतं. गट वेगळे करतात का, तेही विचारा. मुलगी असेल तर रात्री खोलीत कोणत्या ताई असतात हे विचारताना संकोच नको.

गल्लीतल्या वर्गाचा अनुभव बरावाईट. एका हस्तकला वर्गात "तिला जमेल ते" म्हणून दहा दिवस मातीचा गोळा देऊन कोपऱ्यात बसवलं होतं. मी अकराव्या दिवशी काढून घेतलं. बुद्धिबळाचं मात्र उलट. तिचा पट वेगळा असतो: प्रत्येक घरात भोक, काळी घरं जराशी उंच, मोहऱ्यांना खाली खुंटी आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टोचणारी खूण. समोरचा मुलगा त्याच्या साध्या पटावर खेळतो, दोघं चाल मोठ्याने सांगतात. बस, एवढ्यावर बरोबरीचा खेळ होतो. पोहणंही चांगलं. दोन दोरांमधली पट्टी हवी आणि भिंत जवळ आली की मऊ टोकाच्या काठीने हलकेच टोकणारं कोणी हवं. तबला, पेटी याबद्दल वेगळं सांगायला नको. फक्त "अंध आहे म्हणजे गाणं येणारच" असं म्हणणाऱ्यांपासून जपा.

आजोळ आमचं वेंगुर्ल्याजवळ. आढीतले आंबे चाचपून, देठापाशी हुंगून पिकलेले वेगळे काढायचं काम लेकीकडे असतं आणि तिची निवड मामापेक्षा कमी चुकते. पण आजी तिला पाणीसुद्धा हातात आणून देते. पंधरा दिवसांत शिबिरातलं निम्मं वाया. आजीशी आधी बोलून घ्या, भांडण झालं तरी चालेल.

पैशाचं म्हणाल तर संस्थांची शिबिरं देणगीवर चालतात, त्यामुळे फी बहुधा किरकोळ असते. खाजगी वर्ग महाग पडतो. तुलनेत एवढं एकच सोपं आहे. चौकशी मार्चमध्येच करावी, जागा थोड्या असतात. 1952 पासूनची नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड), मुंबईत ताडदेवची 1902 सालची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा, पुण्याची 1934 सालची अंधशाळा, या जुन्या जागा. तिथे विचारलं की आपल्या भागात यंदा कोण काय घेतंय त्याचा माग लागतो. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे तिकडच्या पालकांच्या हातात जरा जास्त दिवस असतात.

आमचं यंदा ठरलंय: आधी आजोळ, मग शिबिर, म्हणजे आजीने बिघडवलेलं तिथे सुधारेल. आणि काठीच्या मुठीला सुतळीचे तीन वेढे बांधून द्या. दाराशी वीस पांढऱ्या काठ्या एकत्र ठेवलेल्या असतात, मागच्या वेळी लेक दुसऱ्याच मुलीची घेऊन घरी आली होती.