कथेसाठी कोणता जीव निवडावा? विदर्भातील अल्पपरिचित लोककथाजीवांचा तुलनात्मक आढावा

मराठीत अद्भुतकथा लिहायला बसले की हाताशी पहिल्यांदा येतात ते वेताळ, मुंजा, हडळ, झोटिंग आणि खवीस. मराठी कथेवर त्यांचे मोठे ऋण आहे. परंतु त्यांचे सारे गुणधर्म वाचकाला तोंडपाठ झालेले असल्यामुळे वर्णनात पिंपळ आला की मुंजा येणार आणि एकटी बाई पाठमोरी दिसली की तिचे पाय उलटे निघणार, हे तो लेखकाच्या आधीच ओळखतो. त्याला कंटाळलेले काही लेखक ड्रॅगन आणि व्हॅम्पायर यांच्याकडे वळतात, आणि मग धानाच्या बांधीत किंवा पऱ्हाटीच्या वावरात त्या पाहुण्यांना उभे राहायला जागा सापडत नाही. विदर्भाच्या किल्ल्यांचे दरवाजे, गोंड आणि कोरकू समाजांच्या कथा, गावतळी आणि पोळ्याचा दुसरा दिवस यांमध्ये फारसे कुणी न वापरलेले जीव आजही आहेत. कथा, किशोर कादंबरी किंवा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचे नाटक लिहायला घेतलेल्या आणि यांतला कोणता जीव निवडावा हे ठरवू पाहणाऱ्या लेखकासाठी ही तुलना आहे.

निवड करताना बहुतेक जण आधी रूप पाहतात: किती डोकी, किती पाय, डोळ्यांचा रंग कोणता. माझ्या मते रूपाचा विचार सर्वांत शेवटी करावा. त्या जीवाला स्वतःची काही गरज आहे का, त्याच्याशी वागण्याचा नियम कोणता आणि तो मोडला तर काय होते, आणि तो कोणत्या जागेला बांधलेला आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. या प्रश्नांना उत्तर देणारा जीव दोनशे पाने टिकतो. ज्याच्यापाशी फक्त रूप असते, तो दोन पानांत संपतो.

दोन पक्ष्यांची तुलना केली तर हा फरक स्पष्ट दिसतो. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे आणि त्याने चक्क हत्ती धरलेले आहेत. शिल्पकाराने हत्ती इतके लहान काढले आहेत की पक्षी केवढा असेल हे पाहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. हे चिन्ह विजयनगरच्या परंपरेतले आहे, आणि वऱ्हाडात इमादशाही स्थापन करणारा फत्हउल्ला इमादउल्मुल्क हाही मूळचा विजयनगरच्याच मुलखातला. लहानपणी युद्धात पकडला गेला, धर्म बदलला, बहामनी सेवेत वाढला आणि पुढे 1490 मध्ये स्वतंत्र झाला. ज्या मुलखातून आपण ओढून आणले गेलो, त्या मुलखाचा पक्षी सातपुड्यातल्या दगडावर पाहताना या माणसाच्या मनात काय येत असेल, यावर एक ऐतिहासिक कथा सहज उभी राहू शकते. मात्र ती कथा फत्हउल्लाची होईल, पक्ष्याची होणार नाही. गंडभेरुंड हे राजचिन्ह आहे. परंपरेत त्याला बळ भरपूर मिळाले आहे, पण त्याला घर नाही, भीती नाही आणि कुणाकडून काही हवेही नाही.

याउलट गोंडांचा आद्य धर्मपुरुष लिंगो याच्या गाथेतला काळा बिंदो पक्षी पाहावा. परधान गायकाच्या तोंडून उतरवून घेतलेली ही गाथा नागपूरला राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या कागदपत्रांत होती. हिस्लॉप 1863 मध्ये नागपूर भागात ओढा ओलांडताना बुडून वारले आणि ती कागदपत्रे रिचर्ड टेम्पल यांनी 1866 मध्ये छापली. गाथेत महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले आहे. त्यांना सोडवण्यासाठी लिंगो तप करतो, तेव्हा महादेव त्याच्याकडे बिंदो पक्ष्याची पिल्ले मागतो. लिंगो समुद्रकाठी पोहोचतो तेव्हा आईबाप चाऱ्यासाठी रानात गेलेले असतात. हे पक्षीही हत्तीच मारतात आणि पिल्लांसाठी त्यांचा मेंदू घेऊन येतात. पिल्ले समोर आहेत आणि राखायला कुणी नाही. तरीही लिंगो थांबतो, कारण आईबापांच्या मागे पिल्ले नेली तर आपण चोर ठरू, असे त्याला वाटते. एवढ्यात पाण्यातून भवरनाग वर येतो. या सर्पाने बिंदोची आधीची सात वेळची पिल्ले गिळलेली आहेत. लिंगो बाणाने त्याला मारतो, त्याचे सात तुकडे करतो आणि त्याचे डोके उशाला घेऊन झोपी जातो. आईबाप परततात, तेव्हा पिल्ले चारा नाकारतात आणि आधी आम्हांला वाचवणाऱ्याला खाऊ घाला असे सांगतात. पुढे जे घडते ते मला या गाथेतले सर्वांत सुंदर वाटते: मादी लिंगोला आणि पिल्लांना पंखांवर घेते, त्यांना ऊन लागू नये म्हणून नर वरून सावली धरत उडतो, आणि जी पिल्ले चोरून न्यायची नव्हती ती आईबापांच्या राजीखुशीने महादेवापुढे येतात.

गाविलगडचा पक्षी आणि हा पक्षी, दोघेही हत्तीला भारी आहेत. पण बिंदोला सात वेळा पिल्ले गमावल्याचे दुःख आहे, त्याच्याशी वागण्याचा न बोललेला नियम आहे आणि उपकाराची जाण आहे. किशोर कादंबरीला याहून अधिक काय हवे असते? शिवाय याच गाथेत, पूर आलेल्या नदीत पाठीवर घेतो म्हणून दगा देणारी मगर आहे आणि बुडणाऱ्यांना वाचवणारे कासव आहे, म्हणजे एका जिवाबरोबर आणखी तीन जीव लेखकाला मिळतात. जागेचे म्हणाल तर गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा हीच गाथेतली गुहा मानली जाते, ती आजही श्रद्धास्थान आहे आणि माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. याच कारणाने इथे जबाबदारीही सर्वांत मोठी आहे. ही जिवंत धर्मगाथा आहे. तिच्यातला पक्षी उचलून लिंगोला बाजूला सारणे किंवा गोंडांना कथेतले दुय्यम प्रजाजन करून टाकणे हे लिंगोने टाळलेल्या चोरीपेक्षा वेगळे होणार नाही.

शरभ या सिंहालाही भारी असणाऱ्या काल्पनिक पशूचा विचार थोडक्यात करता येईल. महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांच्या आणि मंदिरांच्या दगडांवर तो आहे. नरसिंहाचा क्रोध शमवण्यासाठी शिवाने शरभाचे रूप घेतले ही शैव पुराणांतली कथा प्रसिद्ध आहे, आणि रामटेकच्या टेकडीवरील केवल नरसिंह व रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन मंदिरे लक्षात घेतली तर तिला विदर्भात जागाही सापडते. परंतु लेखकाच्या उपयोगाची त्याहून मोठी कथा महाभारताच्या शांतिपर्वात आहे. एका ऋषीजवळ राहणाऱ्या कुत्र्याला बिबट्याची भीती वाटते म्हणून ऋषी त्याला बिबट्या करतो, मग वाघ, मग हत्ती, मग सिंह आणि शेवटी सिंहालाही मारणारा आठ पायांचा शरभ. शरभ झाल्यावर तो ऋषीलाच खायला निघतो आणि ऋषी त्याला पुन्हा कुत्रा करतो. मूळ कथेचा कल ऋषीच्या बाजूने आहे. आजच्या लेखकाने ती कुत्र्याच्या बाजूने सांगावी, कारण प्रत्येक पायरीवर त्याची भीती खरी होती आणि दिलेले प्रत्येक शरीर त्याला नव्या भुकेत ढकलत होते. गावकीचे राजकारण जवळून पाहिलेल्या माणसाला या कथेत ओळखीचे चेहरे दिसतील. दीर्घकथेसाठी शरभ उत्तम आहे. कादंबरीभर मात्र तो पुरणार नाही, कारण शेवट ठरलेला आहे.

मेळघाटातील कोरकूंच्या सृष्टिकथेतले आगीचे घोडे बाहेर जवळजवळ कुणालाच माहीत नाहीत. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये ही कथा नोंदवली. रावणाच्या विनंतीवरून महादेव माणसे घडवायला घेतो, कागेश्वर नावाचा कावळा वारुळाची लाल माती शोधून देतो आणि महादेव त्या मातीच्या स्त्री-पुरुषांच्या मूर्ती करतो. पण प्राण फुंकण्याआधीच इंद्राने पाठवलेले दोन आगीचे घोडे जमिनीतून उसळून मूर्ती तुडवून टाकतात. दोन दिवस हेच होते. तिसऱ्यांदा महादेव आधी कुत्रा घडवतो, त्यात प्राण भरतो, कुत्रा घोड्यांना हुसकावतो आणि मग मुला आणि मुलाई हे पहिले जोडपे उभे राहते. घोड्यांचे मन गाथेत कुठेच उघडत नाही, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत. पण माणसाच्या आधी कुत्रा जन्मला आणि त्याच्या राखणीमुळे माणूस जन्मू शकला, ही कल्पना इतकी सकस आहे की घोड्यांना शत्रूच्या जागी ठेवून कुत्र्याला नायक करावे. चित्रकथेसाठी यांतल्या सर्व जिवांत हे घोडे पहिल्या क्रमांकाचे आहेत.

आता तळे आणि चकवा. हे दोन्ही जीव म्हणावेत की नाही असा प्रश्न पडेल, कारण एकाला पाण्याखेरीज देह नाही आणि दुसऱ्याला तोही नाही. ताडोबाच्या तळ्याविषयी चंद्रपूर भागात जुनी कथा आहे. तहानलेले लग्नाचे वऱ्हाड तिथे आले, एका अनोळखी म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून जमीन खणली, पाणी उसळले आणि सारे वऱ्हाड त्यात बुडून मासे झाले. पाण्यातून एक ताडाचे झाड दिवसा वर येई आणि रात्री बुडे. यात्रेकरूंनी हाक दिली की तळे त्यांना लागतील ती भांडी देत असे आणि काम झाले की ती परत करायची असत. एकाने ती ठेवून घेतली आणि तेव्हापासून तळ्याने देणे बंद केले. आसरांच्या, म्हणजे जलदेवतांच्या, डोहातून लग्नाची भांडी निघत असत अशी कथा महाराष्ट्रात इतरत्रही ऐकू येते. काठावर शेंदूर फासलेले सात दगड, त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या आणि नारळ, एवढेच त्या आसरांचे दृश्य रूप असते. तिन्ही प्रश्नांना तळे पूर्ण उत्तर देते: त्याला परतफेड हवी आहे, नियम एका वाक्यात सांगता येतो आणि जागा सोडून ते कुठेही जाऊ शकत नाही. भांडे ठेवून घेणाऱ्याच्या घरात त्या रात्री काय बोलणे झाले असेल, तिथून कथा सुरू करावी.

चकव्याचे सामर्थ्य वेगळे आहे. चकवा लागलेला माणूस स्वतःच्याच वावरात रात्रभर फिरतो, धुरा म्हणजे बांध ओलांडतो आणि पुन्हा त्याच धुऱ्यावर येतो. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात हेच काम भुलनवेलीकडे दिले जाते. ती ओलांडली की वाट हरवते असे मानतात. चकव्याला हवे काहीच नसते, म्हणून तो कादंबरीत टिकत नाही. परंतु सात-आठ पानांच्या कथेत, जिथे माणसाला ओळखीची जागा अनोळखी व्हावी एवढेच हवे असते, तिथे तळ्यापेक्षाही तो सरस ठरतो. लेखकाने पथ्य एकच पाळावे: चकव्याला चेहरा देऊ नये.

रंगभूमीचा प्रश्न मात्र मारबत या बाईच्या पुतळ्याने सोडवावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ‘माशा मोंगसे घेऊन जा गे मारबत!’ अशा आरोळ्या देत विदर्भातील गावे तिला शिवेबाहेर काढतात. नागपुरात काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते, तिच्यासोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात, आणि काही जण तिचा संबंध पूतनेशी जोडतात. साऱ्या गावाची रोगराई अंगावर घेऊन जाणारी ही बाई दरवर्षी बनवली जाते आणि दरवर्षी जाळली जाते, पण तिने शिवेवर थांबून मागे वळून एक प्रश्न विचारला तर काय होईल, हे कुणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. मंडईच्या जत्रेच्या रात्री पहाटेपर्यंत बसणाऱ्या प्रेक्षकाला ती आरोळी तोंडपाठ आहे. तो रंगमंचावरच्या पात्रांबरोबर ओरडेल आणि मग त्यालाच उत्तर ऐकावे लागेल. तळे रंगमंचावर दाखवणे अवघड, बिंदो त्याहून अवघड; मारबत मुळात बांबू-कागदाची असल्यामुळे तिथे ती खरीच वाटते.

एक जीव मी या तुलनेत मुद्दाम घेतलेला नाही. डाकीण, करणी करणारी बाई, भानामती घालणारी म्हातारी यांच्या कथा आपल्या भागात भरपूर मिळतात आणि त्या भीतीदायकही असतात. पण एखाद्या एकट्या बाईवर असा ठपका ठेवून तिला मारहाण करण्याचे प्रकार अजून थांबलेले नाहीत. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा त्यांसाठीही आहे. ज्या समजुतीने शेजारणीचा जीव जाऊ शकतो, ती समजूत कथेत खरी ठरवून दाखवण्याचे काम कोणत्याही लेखकाने करू नये. ठपका ठेवणाऱ्या गावाची कथा लिहायची असेल तर ती जरूर लिहावी.

पहिलीच कथा लिहिणाऱ्याने चकवा किंवा तळे घ्यावे. दोन्हींना फारशी पूर्वतयारी लागत नाही आणि गावातल्या कोणत्याही पारावर त्यांचे दोन-तीन नवे प्रकार ऐकायला मिळतात. नाटककाराने मारबत घ्यावी. ज्याच्यापाशी वर्ष-दोन वर्षांचा वेळ आहे आणि ज्याला कादंबरीच लिहायची आहे, त्याने बिंदो निवडावा. मात्र 1866 च्या छापील पाठावर अवलंबून न राहता माघात कचारगडला जावे, परधान गायकांकडून आणि भुमकांकडून, म्हणजे गोंड पुजाऱ्यांकडून, गाथा ऐकावी, त्यांचा पाठ वेगळा निघाला तर तोच प्रमाण मानावा, आणि हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवावे.