युनिव्हर्सल ट्रॅव्हल अडॅप्टर: घ्या, पण आधी हे वाचा
चार देश फिरलाय हा माझ्यासोबत, म्हणून मनापासून सांगते. ब्रिटनच्या तीन चौकोनी पिनांच्या सॉकेटमध्ये एकदम घट्ट बसतो, अमेरिकेत मात्र जरा सैल, चार्जर जड असला की खाली लोंबतो. आणि महत्त्वाचं म्हणजे हा फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही!! जपानमध्ये 100 व्होल्ट, अमेरिकेत 120, युरोपात 230, त्यामुळे चार्जरवर बारीक अक्षरात इनपुट 100-240 लिहिलंय का ते बघाच. मोबाईल, लॅपटॉपला काही प्रॉब्लेम आला नाही, पण माझा 120 वाला हेअर ड्रायर 230 वर लावला आणि दोन सेकंदात जळका वास, गेलाच तो. अर्थिंगची पिनही नाहीये यात, तेव्हा इस्त्री वगैरे नकोच. फ्यूज बदलता येतो हे खूप आवडलं.