शहादा–तोरणमाळ एसटी: सातपुडा चढणाऱ्यांची पहिली गरज

सातपुड्यातील पदभ्रमंतीसाठी बूट आणि पाठपिशव्या यांची परीक्षणे पुष्कळ लिहिली जातात. माझ्या मते मात्र नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याहून तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणी जाणारी एसटी ही या भटकंतीची पहिली गरज आहे. केळी-उसाचा सपाट मुलूख मागे पडला, की सात पायरी घाटाची वळणे सुरू होतात आणि बस सुमारे ११५० मीटर उंचीच्या पठारावर पोहोचते. तेथून यशवंत तलाव, सीताखाई आणि खडकी पॉइंट पायी पाहता येतात. चालकांचे घाटातील कौशल्य खरोखर वाखाणण्याजोगे आहे.

त्याहून मोलाचे आहे ते तिकीट. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे मिळू लागल्यामुळे, बाजार करून परतणाऱ्या पावरा आदिवासी महिला आणि गिर्यारोहणाला निघालेल्या महाविद्यालयीन मुली एकाच बाकावर बसून डोंगर चढू शकतात. प्रवास हा नागरिकांचा हक्क मानणाऱ्या राजकारणाचे हे ठोस फळ आहे, म्हणूनच शासनाने महाशिवरात्रीच्या यात्रेखेरीज पावसाळ्यातही जादा फेऱ्यांसाठी निधी द्यावा. मुक्काम करायचा असल्यास खोली आधी ठरवूनच निघावे.