खिडक्यांच्या काचांवरचे फराटे: रबरी वायपर आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या बैठकीची खिडकी पूर्वेला आहे. सकाळी तिरकं ऊन आलं की आदल्या संध्याकाळी मान मोडेपर्यंत पुसलेल्या काचेवर गोल गोल फराटे उठून दिसायचे, अगदी हात जसा फिरला तसे. मग पुन्हा स्प्रे, पुन्हा फडकं, आणि उन्हाची तिरीप आली की पुन्हा तेच. कितीतरी वर्षं मला वाटायचं की मळ नीट निघत नाही, म्हणून मी साबण वाढवत गेले. नेमकं तिथेच चुकत होतं.

आठ महिन्यांपूर्वी काचा पुसायचा वायपर घेतला. 35 सेंटीमीटर रुंद, स्टीलची पट्टी, तिच्यात सरकवून बसवलेलं बदलता येणारं रबर. जोडीला काच भिजवून घासायला केसाळ कापड गुंडाळलेला दांडा आणि मायक्रोफायबरची चार फडकी. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी घरातल्या सहाही खिडक्या याच सामानाने पुसते. पूर्वी दोन तास जायचे, आता पाऊण तासात आटपतं.

पाणी काचेवरून उडून जातं, पण त्यात विरघळलेला साबण आणि क्षार उडत नाहीत, ते काचेलाच चिकटून राहतात. तोच आपला फराटा. फडक्याने आपण पाणी नुसतं पसरवतो, ते जागेवरच वाळतं. वायपर ते वाळायच्या आत ओढून खाली काढून टाकतो. म्हणूनच भर उन्हात तापलेली काच पुसायला घेऊ नये. रबर खाली पोचेपर्यंत वरचं पाणी वाळलेलं असतं.

पहिले दोन महिने मात्र माझे फराटे गेले नाहीत, फक्त सरळ झाले. वायपर फिरवला की मागे एक बारीक पाण्याची रेघ राहायची. चूक रबराची नव्हती, पद्धतीची होती. आता मी पाच लिटर पाण्यात भांड्याचा द्रवसाबण अर्धा चमचाच घालते. तेवढ्याने तेलकटपणा सुटतो आणि रबर काचेवर न अडखळता सरकतं. काच भिजवून घासली की वरच्या कडेला दोन बोटं रुंदीची पट्टी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायची. वायपर टेकवायचा तो या कोरड्या पट्टीवर, किंचित तिरका, आणि एका दमात खालपर्यंत आणायचा. मध्ये थांबलात की आडवी रेघ उमटलीच. प्रत्येक ओढीनंतर रबराची कड पुसायची आणि पुढची ओढ आधीच्या ओढीवर चार-पाच सेंटीमीटर चढवून घ्यायची. रबर बरोबर लागलं की आवाजच वेगळा येतो, एकसारखा, दाबलेला. करकरलं तर काच कोरडी पडली असं समजा आणि पुन्हा भिजवा.

शेवटचं काम कडांचं. चौकटीच्या रबरात दडलेलं पाणी पाचेक मिनिटांनी हळूच बाहेर येतं आणि स्वच्छ काचेवरून ओघळतं. चारही कडांवरून बोटाला गुंडाळलेलं कोरडं फडकं फिरवलं की हा त्रास संपतो. आणखी एक युक्ती फार कामाची आहे. आतली बाजू आडवी पुसायची, बाहेरची उभी. मग एखादा फराटा राहिलाच तर रेघेच्या दिशेवरून कळतं की तो कुठल्या बाजूला आहे.

मायक्रोफायबरबद्दल तिसऱ्या महिन्यात माझं मत वाईट झालं होतं. नवी असताना उत्तम चाललेली फडकी काचेवर धुरकट थर सोडायला लागली. बरेच दिवस मी पाण्याला दोष देत होते. खरं कारण होतं धुण्यात घातलेलं सॉफ्टनर. कपडे मऊ करणारा तो थर फडक्याच्या बारीक तंतूंवर बसतो. मग फडकं पाणी टिपत नाही आणि उलट तोच थर काचेला लावतं. गरम पाण्यात साध्या साबणाने तीन-चारदा धुतल्यावर फडकी पुन्हा कामाला आली. आता ती वेगळी धुते, कारण सुती टॉवेलांची लव त्यांना चिकटते. आई वर्तमानपत्राच्या कागदाने काचा पुसायची आणि त्या खरंच चकचकीत व्हायच्या, कारण कागद पाणी टिपतो आणि लव सोडत नाही. पण शाईने हात काळे होतात आणि पांढऱ्या चौकटीवर बोटं उमटतात, म्हणून मी ते सोडलं.

एक नुकसानही झालं. स्वयंपाकघराच्या खिडकीवरची सुकी धूळ न झाडताच मी घासायला घेतली. वाळूचा एखादा कण कापडात अडकला असावा. वीतभर लांब चरा पडला, तो आजही तिथे आहे. तेव्हापासून आधी ब्रशने चौकट, खाचा आणि जाळी झाडते, मगच पाण्याला हात लावते.

बाहेरच्या बाजूच्या पांढऱ्या ठिपक्यांपुढे वायपर काहीच करत नाही. ते क्षारांचे डाग आहेत. साधं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन त्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं डागावर चिकटवून ठेवलं की बहुतेक सुटतात. दोन जुने डाग मात्र तसेच आहेत, कारण तिथे काचच खरवडल्यासारखी झाली आहे. खिडकीची कड संगमरवरी असेल तर व्हिनेगर तिच्यावर सांडू देऊ नका, दगडाची चकाकी जाते. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

रबर पाचव्या महिन्यात थकलं. कड बोटाला गोलसर लागायला लागली आणि मधोमध एक रेघ राहायला लागली. पट्टीतून काढून उलटं बसवलं, दुसरी कड कोरी होती. आता दोन मिनिटांत होणारं हे काम एके काळी किचकट होतं. जुन्या जड वायपरांचं रबर बदलायला कितीतरी स्क्रू काढावे लागत. कॅलिफोर्नियात काचा पुसण्याचं काम करणाऱ्या एतोरे स्टेकोने यांनी 1930 च्या दशकात एकाच पातळ रबराचा हलका पितळी वायपर तयार केला. आजचे वायपर त्याच घडणीचे आहेत. रबर टिकवायचं असेल तर वायपर कडेवर उभा ठेवू नका, टांगून ठेवा.

तक्रार एकच आहे, रुंदीची. गजांच्या आतून 35 सेंटीमीटरचा वायपर वळत नाही, छोट्या तावदानांत तर तो मावतच नाही, आणि बाहेर वाकून पुसायचा मोह वरच्या मजल्यावर अजिबात नको. आज नव्याने घ्यायचा झाला तर मी 25 सेंटीमीटरचाच घेईन, सोबत दोन जादा रबरं. सरकत्या खिडकीची झडप उतरवता येत असेल तर दोघांनी मिळून उतरवा आणि खाली भिंतीला टेकवून पुसा. बाहेरची बाजू इतकी नीट दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने निघालेली नाही.