दोन अमोनाइट, एकच टवका

अंबाजोगाईजवळच्या एका शाळेत मी वीस वर्षं विज्ञान शिकवतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी जुरासिक काळातले जीवाश्म समजून ४२ हजार रुपयांचे रंगवलेले ठोकळे विकत घेतले. पैसे परत आलेले नाहीत. हे सगळं मांडतोय ते एवढ्यासाठी की तो माणूस अजून विकतोय, आणि त्याची गिऱ्हाइकं म्हणजे आपल्यासारखेच लोक आहेत. शिक्षक, दगड जमवणारे, आणि घरात देवपूजा करणाऱ्या बायाबापड्या.

दगडांचा नाद मला लहानपणापासून. बालाघाटाचे डोंगर म्हणजे सगळा काळा पाषाण, पण त्याच्या पोटात काय काय दडलेलं असतं ते विहीर खोदणाऱ्याला विचारा. सुरुंग उडवला की आत पांढऱ्या स्फटिकांचे गुच्छ, हिरवट खडे, गारगोट्यांचे पोकळ गोळे निघतात. माझ्या शाळेच्या कपाटात असे दीडशे नमुने आहेत, सगळे फुकट मिळालेले. नव्हता तो फक्त अमोनाइट, म्हणजे समुद्रातल्या एका नामशेष झालेल्या शंखवाल्या प्राण्याचा जीवाश्म. पाठ्यपुस्तकातल्या चित्रातलं ते मेंढ्याच्या शिंगासारखं वेटोळं मुलांच्या हातात द्यावं, ही फार दिवसांची इच्छा. आपल्याकडे तो सापडणार नाही हे मला माहीत होतं. आपला काळा पाषाण म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरून थिजलेला लाव्हा. अमोनाइट समुद्रात राहणारा, आणि जुरासिक काळ संपूनच १४.५ कोटी वर्षं झाली. फार तर गोदावरी-मांजऱ्याच्या गाळात हिमयुगातल्या हत्तींसारख्या जनावरांची हाडं मिळतात. अमोनाइट हवा तर कच्छला जावं, जैसलमेरला जावं, नाहीतर हिमाचलात स्पितीला.

श्रावणात संभाजीनगरला भाड्याच्या एका हॉलमध्ये खडे आणि दगडांचं प्रदर्शन लागलं होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर तो बसला होता. चाळिशीचा, बोलायला गोड, स्वच्छ मराठी बोलणारा. बाकीचे गाळेवाले राशीचे खडे विकत होते. याच्यापुढे मात्र शंख, झाडाचे दगड झालेले तुकडे आणि तीन-चार छोटे अमोनाइट. मी एक उचलला. तांबूस-तपकिरी, मुठीत मावेल एवढा, भिंगाखाली माशाच्या अंड्यांसारखे बारीक बारीक दाणे दिसणारा. ‘धोसा,’ तो म्हणाला. कच्छमधला धोसा उओलाइट हा चुनखडीचा थर अमोनाइटसाठी खरंच प्रसिद्ध आहे. पुढे त्यानेच मला सांगितलं की स्टोलिच्का या भूशास्त्रज्ञाने कच्छमधून गोळा केलेले अमोनाइट वागेन या जीवाश्मतज्ज्ञाने १८७३ ते १८७५ या काळात अभ्यासून प्रसिद्ध केले, आणि स्पॅथ या दुसऱ्या जीवाश्मतज्ज्ञाने १९२७ पासून तो सगळा अभ्यास नव्याने केला. हे सगळं खरं आहे. मी घरी येऊन पडताळलं, आणि तिथेच माझा विश्वास बसला. माणसाला विषयाची माहिती आहे म्हणजे त्याचा माल चोख आहे, असा हिशेब मी मनात मांडला. तो मांडायला नको होता.

तो तांबूस तुकडा ७०० रुपयांना मिळाला. तो अस्सल आहे, आजही. फसवणुकीची सुरुवात एका खऱ्या आणि स्वस्त नमुन्याने झाली, हे नीट लक्षात घ्या.

महिनाभराने त्याचा फोन आला. ‘सर, एक म्हातारे गृहस्थ आहेत. आयुष्यभर जमवलेला साठा मुलं विकायला निघालीत. अकरा नमुने आहेत. मुंबईची पार्टी साठ देतेय, पण मला शाळेत जावेत असं वाटतं.’ शाळेचं नाव काढलं की शिक्षक पाघळतो हे त्याला पक्कं ठाऊक असणार. ४२ हजारांवर सौदा ठरला. १० हजार इसार त्याच संध्याकाळी पाठवायचा, बाकीचे माल रवाना करण्याआधी. मी इसार पाठवला.

मग फोटो आले. एका चिठ्ठीवर अमोनाइटच्या एका प्रकाराचं नाव टाकून लिहिलं होतं, ‘मॅक्रोसेफॅलाइट्स, जुरासिक, ६.५ कोटी वर्षे’. दुसरीवर, ‘वेरूळ डोंगर’.

मी चमकलो. लगेच फोन लावला. वेरूळच्या डोंगरात अमोनाइट कसा निघेल, ते लेणंच लाव्हाच्या खडकात कोरलेलं आहे, असं मी त्याला स्पष्ट विचारलं. तो अजिबात गडबडला नाही. ‘बघा, म्हणूनच तुमच्यासारख्या माणसाकडे जायला हवं हे. म्हाताऱ्याने शेवटी शेवटी चिठ्ठ्यांची सरमिसळ केली. तुम्हीच नव्या चिठ्ठ्या करा.’ माझीच शंका त्याने माझ्या कौतुकात गुंडाळून मला परत दिली. मी उरलेले ३२ हजार पाठवले. त्या फोनचा मी खूप विचार केलाय. ज्या दगडाला पत्ता नाही, म्हणजे कुठल्या गावाजवळून, कुठल्या थरातून निघाला हे सांगता येत नाही, तो अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ मुका असतो. हे मी दरवर्षी मुलांना सांगतो. चिठ्ठी चुकीची आहे हे कळल्याक्षणी व्यवहार थांबायला हवा होता.

पार्सल आलं. पेंढ्यात आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले अकरा नमुने, सोबत लॅमिनेशन केलेलं, शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. ते विकणाऱ्यानेच छापलेलं होतं, त्यावर कुठल्याही प्रयोगशाळेचं नाव नव्हतं. पण नमुने देखणे. ताटलीएवढा एक तर इतका रेखीव की घरातले सगळे बघायला आले. खात्री म्हणून मी मागच्या बाजूला विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. फसफसला. चुनखडीच आहे म्हणून मी निश्चिंत झालो. ही चाचणी एकटी काही कामाची नाही. संगमरवराची पूड रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रवात, कालवली तरी ती फसफसणारच.

शनिवारी विज्ञान मंडळात मुलांना चित्रं काढायला बसवलं. सातवीतली एक मुलगी फार बारकाईने काढते. तिने दोन नमुने शेजारी ठेवले होते, एक करडा, एक तांबडट. थोड्या वेळाने तिने हाक मारली.

‘सर, हे दोन्ही एकाच जागी फुटलेत.’

मी म्हटलं, असेल गं. तिने तोंडाकडच्या टोकापासून कंगोरे मोजून दाखवले. करड्याच्या नवव्या कंगोऱ्यावर तिरपा टवका उडालेला होता. तांबड्याच्याही नवव्याच कंगोऱ्यावर, त्याच कोनात, तेवढाच. टवक्याच्या खाली एक बारीक खळगा होता, तोही दोन्हीकडे. समुद्रतळाशी गाडले गेलेले दोन प्राणी, कोट्यवधी वर्षांनी बाहेर आलेले, आणि दोघांना एकच जखम. असं होत नाही. एकाच साच्यातून काढले तरच होतं. मुलांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

सुट्टीनंतर मी प्रयोगशाळेचं दार लावून एकेक तपासायला बसलो. काय केलं ते सांगतो, कारण यातलं बहुतेक कुणालाही घरी करता येईल. मोठ्या नमुन्याचं वजन केलं, १ किलो १४० ग्रॅम. काठोकाठ भरलेल्या भांड्यात तो बुडवला आणि सांडलेलं पाणी मोजपात्रात धरलं, ६४० मिलिलिटर. म्हणजे घनता पावणेदोनच्या आसपास. चुनखडी २.६ ते २.७ असते. पहिला सातशे रुपयांचा तुकडा २१२ ग्रॅमचा, त्याने ८० मिलिलिटर पाणी सांडलं. २.६५. तो खरा. सुई लाल होईपर्यंत तापवून करड्याच्या बुडाला टेकवली तर ती आत रुतली आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. नेलपॉलिश काढायच्या द्रवात बुडवलेला कापूस तांबड्यावर फिरवला, तो वीटकरी होऊन आला. भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढे गोल खड्डे दिसले, ओतताना अडकलेल्या हवेचे बुडबुडे.

सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट होती शिवणरेषांची. अमोनाइटच्या शंखाच्या आत पडदे असतात, प्राणी वाढत गेला की मागे एकेक कप्पा बंद करत जातो. ते पडदे शंखाच्या भिंतीला जिथे चिकटतात तिथे पानाच्या कडेसारखी नागमोडी रेघ उमटते, आणि वरचं कवच निघून गेलेलं असलं तरच ती दिसते. शेवटच्या कप्प्यात प्राणी स्वतः राहायचा, त्यात पडदे नसतात, म्हणून तिथे रेघाही नसतात. माझ्या ताटलीएवढ्या नमुन्याला तोंडाची अख्खी कड होती आणि नागमोडी रेघा थेट त्या कडेपर्यंत गेल्या होत्या. बारीक कुंचल्याने काढलेल्या. काढणाऱ्याने फोटो बघून हुबेहूब नक्षी उतरवली होती, पण ती नक्षी कशाची आहे हे त्याला माहीत नव्हतं.

अकरापैकी नऊ साच्यातले. दहाव्यात मधलं छोटं वेटोळं खरं होतं, बाहेरचे फेरे चिकटवून कोरलेले. अकरावा खरा, पण घासून पॉलिश केलेला, कुठला ते कळायला मार्ग नाही.

माझे पैसे गेले ते एक वेळ सोसेन. पण पार्सल आल्याच्या आनंदात मी त्याचा नंबर आमच्या गल्लीतल्या काकूंना दिला होता. त्यांना तुळशीच्या लग्नासाठी शाळिग्राम हवा होता. शाळिग्राम म्हणजेही अमोनाइटच. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात घासून गुळगुळीत झालेला काळा गोळा, आणि आपण ज्याला चक्र म्हणतो ते त्या प्राण्याच्या शंखाचं वेटोळं. काकूंना त्याने आधी सांगितलं, शाळिग्रामाचं मोल करू नये, मी विकत नाही, तुम्ही फक्त दक्षिणा द्या. दक्षिणा ५,१०० रुपये. माझ्यासाठी त्याच्याकडे वागेन होता, काकूंसाठी शास्त्र. ज्याची ज्यावर श्रद्धा, ते त्याने बरोबर हेरलं.

माझा माल खोटा निघाला तेव्हाच मी काकूंना सांगायला हवं होतं. सणाच्या तोंडावर कसं सांगायचं म्हणून थांबलो. तुळशीच्या लग्नाला त्यांनी बोलावलं, गेलो. काकूंनी शाळिग्राम ताम्हनात ठेवून पंचामृताने न्हाऊ घातला. ताम्हनातलं दूध हळूहळू राखाडी होत गेलं. काकूंनी अंगठ्याने दगड पुसला, अंगठा काळा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘गुरुजी, तुम्हाला ठाऊक होतं का हो?’ मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. बाळकृष्णाची मूर्ती आणून लग्न लावलं. त्या राखाडी दुधाचं तीर्थ मात्र त्यांनी कुणाला दिलं नाही.

तक्रार मी उशिरा केली, दुसरा हप्ता पाठवल्याला सव्वीस दिवस होऊन गेल्यावर. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक झाली असं वाटलं तर १९३० या नंबरवर त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. दुकानदार, बिल असं काही असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. माझ्याकडे बिलही नव्हतं. पैसे ज्या खात्यात गेले ते तिसऱ्याच कुणाच्या नावावर निघालं. अर्ज घेतला गेलाय, पुढे काही कळलेलं नाही.

आता कुणी विचारलं तर मी सांगतो की पैसे देण्याआधी तीन फोटो मागवा. पाठीमागचा, कडेचा, आणि पट्टी ठेवून तोंडाचा. दगडाचा पत्ता विचारा, आणि एका जिल्ह्याच्या नावावर समाधान मानू नका. महाग वस्तू असेल तर जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्राच्या माणसाला दाखवून मगच पैसे देईन म्हणा. नांदेडच्या विद्यापीठातही हा विभाग आहे. खरा विकणारा थांबतो. ‘दुसरी पार्टी तयार आहे’ म्हणणाऱ्याला ती पार्टी लखलाभ होऊ द्या. आणि प्राणी कसा जगायचा, पडदे कुठे, तोंड कुठे, हे आधी शिकून घ्या. साच्यातून आकार निघतो, पण ज्याला प्राणी माहीत आहे त्याच्यापुढे तो आकार टिकत नाही.

ते दोन जुळे नमुने शाळेच्या कपाटात खऱ्या तुकड्याशेजारी ठेवलेत. चिठ्ठी त्या मुलीनेच लिहिली आहे: ‘साच्यातले. नववा कंगोरा पाहा.’

गेल्या आठवड्यात परभणीच्या एका मित्राने फोटो पाठवला. कुणीतरी त्याला एक नमुना देऊ केला होता, ‘कच्छ, जुरासिक, अत्यंत दुर्मिळ’, भाव ९,५००. या वेळी रंग हिरवट होता. मी फोटो मोठा केला आणि तोंडाकडून कंगोरे मोजले. नवव्यावर तिरपा टवका, खाली बारीक खळगा. मित्राला फोन केला तेव्हा तो इसार पाठवायच्याच बेतात होता.